फेरी द्या, पण आठवी-नववीतच
शाळेतल्या पोरांना जुन्या विमानातून फेरी द्यावी का, या चर्चेतलं "जुन्या विमानातली दहा मिनिटांची फेरी म्हणजे नुसती हौस, त्यापेक्षा पोरांना सिम्युलेटरवर बसवा" हे एक मत अर्धंच पटलं. बसवून फिरवून आणलं, फोटो काढले, संपलं, तर हौसच. पण टायगर मॉथसारखं विमान आधी जमिनीवर तासभर नीट दाखवलं तर? 1931 सालचं, दोन मजली पंखांचं, वर कापड ताणून बसवलेलं. मूळ विमानाला स्टार्टर नाही, नाकावरचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं. चाकांना ब्रेकही नाहीत. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तसं इंधन पंपाशिवाय इंजिनाला येतं. पायलटच्या हातातला दांडा डावी-उजवीकडं हलवला की खालच्या पंखांच्या मागच्या फळ्या हलताना दिसतात. सिम्युलेटरमध्ये हे कुठं दिसणार?

आणि "दहावीनंतर बघू" म्हणणाऱ्यांसाठी: लातूर पॅटर्नच्या नादात आपल्याकडची हुशार पोरं अकरावीला बायोलॉजी धरतात आणि गणित सोडतात. कमर्शियल पायलट लायसन्सला बारावीचं फिजिक्स-गणित लागतं, ही डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, वर्षानुवर्षांची अट (2025 मध्ये ती शिथिल करायची चर्चा झाली खरी). माझ्या मावसभावाला हे मेडिकलच्या नीट परीक्षेचा निकाल लागल्यावर कळलं. मग बसला मुक्त विद्यालयातून एकट्या गणिताचा पेपर देत. तेव्हा फेरी आठवी-नववीतच द्या, आणि तिथंच विमान देखभालीच्या लायसन्सचीही माहिती द्या. सगळ्यांनी पायलटच व्हावं असं थोडंच आहे!