पंतचे २७ कोटी जास्त की कमी?

कट्टेकरी: नोव्हेंबर २०२४ ला आयपीएलच्या जेद्दातल्या ऑक्शनमध्ये लखनौच्या टीमने ऋषभ पंतला २७ कोटीला घेतला तेव्हापासून आमच्या ऑफिसात एकच पालुपद चालूय, बॅट फिरवायचे एवढे पैसे असतात का. माझं मत उलटं आहे, खेळाडूंना कमीच मिळतात. आयपीएलचे २०२३ ते २७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटीला गेले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटीच्या वर. २०२५ ला दहा टीमना खेळाडूंवर खर्च करायला प्रत्येकी १२० कोटी, म्हणजे सगळे मिळून १२०० कोटी. वरून मॅच फी धरली तरी नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशातला सातवा हिस्सा होतो! अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा करारानेच खेळाडूंचा असतो, कारण त्यांची युनियन आहे. इथे बाकीचे पैसे कुठे जातात त्यावर कुणी ब्र काढत नाही.

मास्तरीण: अजिबात पटलं नाही. २०२५ च्या अख्ख्या सीझनमध्ये पंतचे रन २६९, त्यातले ११८ शेवटच्या मॅचला. विनाअनुदानित तुकडीवरचे शिक्षक वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशावर शिकवतात आणि इथे एका माणसाला २७ कोटी. आणि तो पैसा आभाळातून पडत नाही हो, जाहिरातीतून येतो. ऑगस्ट २०२५ ला पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तोपर्यंत मोबाईलवर पैसे लावून टीम बनवायच्या ॲपच्या जाहिराती दर ओव्हरला दिसायच्या, आमच्या नववीतली पोरं मधल्या सुट्टीत कॅप्टन कोण ठेवायचा यावर वाद घालायची. कुणाच्या खिशातून निघत होते हे पैसे?

कट्टेकरी: जाहिरातीचं बरोबर आहे तुमचं. पण पंतचे कमी केले म्हणून शिक्षकाला रुपया जास्त मिळणार नाही ना मॅडम, तो टीमच्या मालकाकडे राहील.

तालमीतला: तुम्ही दोघं वरच्याच मजल्यावर भांडताय राव. आमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ नंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक पदक, आणि तोवर तो रेल्वेत टीसीची नोकरी करत होता. सरकारने आधी १ कोटी जाहीर केले, मग २ कोटी, हरियाणात ब्राँझला अडीच कोटी देतात, त्याच्या वडिलांनी रक्कम कमी असल्याचं उघड बोलून दाखवलं तर लोक त्यांनाच नावं ठेवायला लागले. आणि तालमीतल्या पोराचं बघा, दूध, तूप, बदाम, थंडाई, सगळा खुराक घरच्या उसाच्या बिलातून, जत्रेतल्या कुस्त्यांवर वर्ष निघत नाही, गुडघा गेला की संपलं. त्याला जास्त मिळतात म्हणायची कुणाची छाती आहे?

रणजीवाला: क्रिकेटमध्ये पण तीच गत आहे, कट्टेकरी तुमचा सातवा हिस्सा उद्या निम्मा झाला तरी पंतचे २७ चे नव्वदच्या वर होतील, खालच्याला काय? २०२१ पासून रणजीला, म्हणजे राज्यांच्या टीमच्या स्पर्धेत, दिवसाला ४० ते ६० हजार, आधी किती मॅच खेळलाय त्यावर. नवीन पोराने साखळीतल्या सातही मॅच खेळल्या तर २८ दिवसांचे ११ लाख २० हजार. ऐकायला बरं वाटतं, पण अकरात नसाल तर निम्मे, आणि टीममधूनच काढलं तर शून्य, बहुतेकांना कसलं कॉन्ट्रॅक्ट नाही. बाविसाव्या वर्षी कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा मग करणार काय?

मास्तरीण: मी तेच म्हणतेय की! एका खेळाडूवर मर्यादा घाला, उरलेलं खाली द्या.

कट्टेकरी: मर्यादेने खाली काही येत नाही. रणजीची फी क्रिकेट बोर्ड देतं, टीमचे मालक नाहीत. प्रक्षेपण हक्कांतला ठरावीक टक्का बोर्डाने रणजी आणि बायकांच्या स्पर्धांना बांधून द्यावा, हक्क महागले की फी आपोआप वाढेल.

तालमीतला: आणि कुस्तीला कोण बांधून देणार? आमचे हक्क विकत घ्यायला कुणी येत नाही. इथे सरकारच लागेल, आणि ते पदक मिळायच्या आधी.

रणजीवाला: टक्क्याचं चालेल, पण त्यातून आधी वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट द्या. फी नंतर वाढवा.