संडासवाटे रक्त, 'मूळव्याध आहे' म्हणून दोनदा परत पाठवलं. दुसरं मत कसं घ्यावं?

पारिजातक:
वडील ५६ वर्षांचे. तीन महिने रक्त पडतंय, कधी लालभडक, कधी गडद आणि आवेत मिसळलेलं. दिवसातून चार-पाचदा जावं लागतं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. हिमोग्लोबिन ९.८. हात न लावता मूळव्याधीचं मलम आणि इसबगोल दिलं. आता कोणाकडे जावं, काय न्यावं? डॉक्टरांना न दुखावता कागद कसे मागायचे?

घाटवाट:
पोटविकारतज्ज्ञ किंवा जनरल सर्जन गाठा, आणि याच आठवड्यात. मूळव्याधीचं रक्त सहसा लालभडक असतं, शौच झाल्यावर थेंब-थेंब पडतं. गडद, आवेत मिसळलेलं रक्त आणि बदललेली सवय यांचं उत्तर मलमात नाही. मूळव्याध खरंच असेलही, पण तेवढ्याने वर आतड्यात काही नाही हे सिद्ध होत नाही. घोळ नेमका इथेच होतो. बोटाने तपासणी दोन मिनिटांची असते. गुदाशयातली गाठ खालच्या भागात असेल तर बऱ्याचदा ती बोटालाच लागते. ती तपासणी झालीच पाहिजे.

सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, किती आहे पाहा. ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता संभवते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधीच करून घ्या. या वयात पुरुषाला लोहाची कमतरता निघाली, तर वरून (तोंडावाटे) आणि खालून (गुदद्वारावाटे), दोन्ही दुर्बिणी लागतात.

शेवंती:
कागद मागताना भांडायची गरज नाही. "दुसरीकडे दाखवायचंय, रिपोर्टच्या प्रती द्या" एवढं लेखी द्या, पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात.

नव्या डॉक्टरांपुढे बसल्यावर "मूळव्याध आहे म्हणाले" अशी सुरुवात करू नका, त्यांचाही विचार तिथेच अडकतो. आधी लक्षणं सांगा: केव्हापासून, दिवसातून किती वेळा, रंग कसा, वजन किती घटलं, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग होता का. अर्ध्या पानावर लिहूनच न्या. ते दुर्बीण नको म्हणाले तर "का नको, हे केसपेपरवर लिहाल का?" असं शांतपणे विचारा.

पारिजातक:
दोघांचे आभार. वडिलांना हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. बंद करू का?

घाटवाट:
आपल्या मनाने अजिबात नाही! स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची छोटी वाढ) काढायचा असेल तर गोळी काही दिवस थांबवतात, पण ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांची चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा. मधुमेहाची औषधं असतील तर तीही विचारून घ्या.

लोहाच्या गोळ्या मात्र खालच्या दुर्बिणीच्या आठवडाभर आधी थांबवतात. त्याने आतडं काळं माखतं, काही दिसत नाही. दोन-तीन दिवस बिया, पालेभाज्या, सालीची फळं बंद. जुलाबाचं औषध बहुधा दोन भागांत असतं, पहाटेचा दुसरा भाग कंटाळून सोडला की सगळी तपासणी वाया जाते.

दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये 'सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत) पोचलो' असं लिहिलंय का, आतडं किती साफ होतं, फोटो आहेत का, हे बघा. नुसती सिग्मॉइडोस्कोपी (मोठ्या आतड्याचा फक्त शेवटचा भाग पाहणारी दुर्बीण) केली असेल तर ती अर्धीच. बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा) घेतली तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तो तुकडा) जपून ठेवायला सांगा. पुढे मुंबईला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर तेच लागतील.

वाट बघताना चक्कर आली, छाती धडधडली, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा पोट फुगून वारा सरेनासा झाला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक कॅज्युअल्टीत न्या.