प्रोफेशनल इन्डेम्निटी आधी बघा
ऑफिसचा आगीचा विमा आणि कर्मचाऱ्यांचं मेडिक्लेम पुरेसं आहे, असं काही जण म्हणतात. सॉफ्टवेअर कंपनीला ते अजिबात पुरत नाही. आपल्या कोडमधल्या चुकीमुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसीच कामी येते. ती बहुधा ‘क्लेम्स मेड’ असते: काम पॉलिसीतल्या रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतर (जिच्या आधीचं काम धरलं जात नाही ती तारीख) केलेलं हवं आणि दावा येईल तेव्हा पॉलिसी चालू हवी. त्यामुळे नूतनीकरण चुकवू नका आणि विमा कंपनी बदललीत तरी ही तारीख जुनीच ठेवून घ्या. ग्राहक अमेरिकेत असेल तर अधिकारक्षेत्राचं कलम (कोणत्या देशांतल्या कोर्टांतले दावे पॉलिसीत येतात ते) नीट वाचा. कित्येकदा अमेरिका-कॅनडा वगळलेले असतात. वकिलाचा खर्च विमा रकमेतूनच जातो का, तेही विचारा. सायबर विमा वेगळा लागतो. सायबर हल्ल्याची माहिती सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत द्यावी लागते, विमा कंपनीलाही लगेच कळवा.