छातीत घुसलेला धातूचा तुकडा: उपसायचा की नाही?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपसाठी प्रथमोपचाराची सूचना लिहितोय. खिळा किंवा पत्र्याचा तुकडा छातीत घुसला, तर मिरजेला नेईपर्यंत काय करायचं?

प्रतिसाद १: उपसू नका, एवढं ठळक लिहा. रुतलेली वस्तूच भोक बुजवून धरते. दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या ठेवून ती हलणार नाही अशी बांधा. पाणी-चहा नको. १०८ लावा आणि हृदयशल्यचिकित्सक हजर आहे का, ते फोनवरच विचारा.

प्रतिसाद २: मानेच्या शिरा फुगल्या, बीपी उतरलं, ठोके दबके झाले तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठतंय. सुईने काढणं तात्पुरतं; गोठलेलं रक्त सुईतून येत नाही. खरा उपाय छाती उघडणं. आधी इको (हृदयाची सोनोग्राफी), रुग्ण स्थिर असेल तरच सीटी स्कॅन. एमआरआय अजिबात नाही, लोखंड खेचलं जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन बऱ्याचदा गडबडीत राहून जातं.

प्रश्नकर्ता: बारीक कण आतच राहिला तर?

प्रतिसाद २: हृदयाच्या स्नायूत घट्ट बसलेला, त्रास न देणारा कण कधीकधी तसाच ठेवून इकोने लक्ष ठेवतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यात सुटा असेल तर मेंदूकडे जाऊ शकतो, उजव्यातला फुफ्फुसात. आत घुसलेली वस्तू सुई असेल तर मात्र ती सरकते, ती काढलेलीच बरी. ऑपरेशनच्या तोंडावर पुन्हा एक्स-रे घ्यायचा. जागा बदललेली असू शकते.