हॉल्स्टन यांचे मोठेपण नेमके कशात?

प्रश्न : अमेरिकी वेशरचनाकार रॉय हॉल्स्टन फ्राउइक यांचा उल्लेख बहुधा दोनच कारणांनी होतो: न्यूयॉर्कमधल्या रात्रीच्या मेजवान्या आणि स्वतःचे नाव विकून बसलेला माणूस. १९७३ मध्ये त्यांनी व्यवसायाबरोबर नावाचे हक्कही नॉर्टन सायमन या कंपनीला दिले आणि १९८४ मध्ये त्यांच्या हातून स्वतःच्याच नावाची कंपनी पूर्णपणे निसटली. हे वजा केले, तर वेशरचनाकार म्हणून त्यांचे काय उरते?

प्रतिसाद १ : बेतण्याची कला उरते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. सुरुवात टोप्यांपासून झाली. १९६१ मध्ये पती जॉन केनेडी यांच्या अध्यक्षपदाच्या शपथविधीला जॅकलिन केनेडी यांनी घातलेली डबीसारखी गोल टोपी त्यांनी बर्गडॉर्फ गुडमन या न्यूयॉर्कमधल्या उंची दुकानासाठी काम करताना केली होती. पुढे कपड्यांकडे वळल्यावर त्यांनी अस्तर, बटणे, झालरी असे एकेक काढून टाकत नेले. कापड उरेब बेतले, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांशी तिरके कापले, की ते ताणले जाते आणि अंगाबरोबर वळते. या गुणाच्या जोरावर त्यांनी सलग कापडातून, अगदी मोजक्या शिवणींवर उभे राहणारे झगे केले. असा झगा दिसायला सोपा वाटतो, पण शिवण चुकली तर ती झाकायला त्यावर काहीच नसते.

प्रतिसाद २ : वरील मुद्द्यात १९७२ च्या अल्ट्रास्वेडच्या शर्टवजा झग्याची भर घालावी लागेल. सांबराच्या चामड्यासारखे दिसणारे हे जपानी कृत्रिम कापड घरच्या यंत्रात धुता येत असे, आणि तरीही त्याचा झगा उंची दुकानांत भरपूर खपला. म्हणूनच १९८३ मध्ये जेसीपेनी या सामान्य ग्राहकांच्या दुकानसाखळीसाठी कपडे करण्याचा त्यांचा निर्णय मला अधःपतन वाटत नाही. बर्गडॉर्फने मात्र त्यानंतर त्यांचा माल ठेवणे बंद केले. आज नामवंत रचनाकार स्वस्त दुकानांसाठी सर्रास काम करतात आणि त्याबद्दल कोणी त्यांना वाळीत टाकत नाही.

प्रश्नकर्ता : मग चूक कोठे झाली?

प्रतिसाद २ : माझ्या मते करारात, जेसीपेनीच्या नव्हे, तर त्याआधीच्या. नाव विकल्यामुळे पैसा आला, १९७५ मध्ये दागिन्यांच्या रचनाकार एल्सा पेरेट्टी यांनी घडवलेल्या कुपीतले अत्तर आले आणि तेही अफाट खपले. पण मालकी नॉर्टन सायमनकडून पुढच्या कंपन्यांकडे जात राहिली, तेव्हा नव्या मालकांपुढे त्यांचा शब्द चालेना.

प्रतिसाद ३ : हे सारे खरे असले, तरी प्रत्येक कामावर स्वतःचाच हात फिरला पाहिजे हा त्यांचा हट्टही विसरू नये. गणवेश, सामान, अत्तर, गालिचे एवढा पसारा मांडल्यावर तो हट्ट एका माणसाला पेलणारा नव्हता.