लांडगा-नायकाच्या प्रेमकथा इतक्या का खिळवतात?

गोदाकाठ: नाशिकच्या आमच्या वाचनगटासाठी विचारतेय. नायक पौर्णिमेला लांडगा होतो, एवढ्यावर वाचक शेकडो पानं कसे टिकतात?

सिन्नरकर: पौर्णिमा दुय्यम हो, खरा जोर 'नियत जोडीदारा'चा, म्हणजे नशिबानेच ठरवून दिलेल्या जोडीदाराचा. वासावरून ओळख सुरुवातीलाच पटते. मग 'भेटेल का' संपतं, 'स्वीकारेल का' उरतं. नायिकेला नकाराचा हक्क नसला की ताण तिथेच मरतो.

पंचवटी: शिवाय टोळी, म्हणजे आयतं एकत्र कुटुंब! सतत गुरगुरणारा 'अल्फा', म्हणजे टोळीवर सत्ता गाजवणारा म्होरक्या, मात्र खटकतो. ती कल्पना रुजली १९४७ च्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या अभ्यासातून. रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं.

सिन्नरकर: अगदी. आणि मराठीत लिहायचं तर घनदाट जंगल नको, आपला लांडगा माळरानाचा.