‘रिअ‍ॅक्शन’, ‘दुष्परिणाम’ की ‘वावडं’?

माजिवडा, ठाणे

मी रुग्णवाहिकेवर काम करते. रुग्णाला गाडीत घेतलं की एक प्रश्न ठरलेला असतो : “कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?” पुष्कळदा उत्तर येतं, “हो, एका इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती.” काय झालं होतं, असं विचारलं तर “छातीत खूप धडधडलं, हात कापत होते.”

इंजेक्शन अ‍ॅड्रेनलिनचं असेल तर याला अ‍ॅलर्जी म्हणता येत नाही. ते औषध हृदयाचे ठोके वाढवतंच. धडधड, थरथर, चेहरा पांढरा पडणं, उगाच भीती वाटणं हे त्याच्यासोबत येतं आणि थोड्या वेळात ओसरतं. उलट अ‍ॅलर्जीचा जबर झटका येऊन घसा सुजायला लागला तर मांडीत सगळ्यात आधी टोचायचं ते हेच, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. केसपेपरवर नुसतं ‘रिअ‍ॅक्शन’ उतरलं की पुढच्या वेळी देणाऱ्याचा हात आखडू शकतो, आणि तिथे उशीर जिवावर बेततो.

‘दुष्परिणाम’ म्हटलं की नातेवाईक घाबरतात. अ‍ॅलर्जी आणि औषधाचा असा ठरलेला त्रास, या दोन गोष्टींना घरात कळतील असे वेगळे शब्द सुचवाल का?

ऐरोली

ताई, अ‍ॅलर्जीला ‘वावडं’ आहे की! वांग्याचं वावडं, कोळंबीचं वावडं आपण म्हणतोच. पण ‘त्याला कष्टांचं वावडं आहे’ असंही म्हणतो, म्हणून लक्षणं विचारलीच पाहिजेत. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास कोंडला, ही खऱ्या वावड्याची भाषा.

औषध ‘सोसलं नाही’, ‘मानवलं नाही’, ‘गरम पडलं’ हे वेगळं. हृदयविकाराच्या झटक्यात अ‍ॅस्पिरिन चावून खायला देतात, साधारण ३०० मिलिग्रॅम. ‘ती गोळी मला गरम पडते’ म्हणणाऱ्याला बहुधा पोटात जळजळ होत असते. मात्र ‘त्या गोळीने दम लागला होता’ असं कोणी म्हटलं तर लगेच थांबायचं. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिनने खरोखर जोराचा दमा उठतो. शौचाला काळं होत होतं का, हेही विचारावं, कारण तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.

कोपरखैरणे

औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून ‘चक्कर’ या शब्दाबद्दल लिहितो. गरगरलं तरी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, शुद्ध हरपून पडला तरी चक्करच. हृदयविकाराने छातीत दुखताना देतात त्या जिभेखालच्या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे डोकं ठणकतं आणि बीपी उतरतो. उभ्याने गोळी घेतली तर माणूस कोसळू शकतो, म्हणून आधी बसवायचं. ‘अंधारी’ आणि ‘भोवळ’ हे शब्द इथे नेमके आहेत, ते वापरात राहायला हवेत.

आणि ही गोळी देण्याआधी ‘ताकदीची गोळी’, म्हणजे व्हायग्रासारखी, घेतली का, हे विचारायलाच हवं, बायकामुलांना जरा बाजूला करून. सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतलेलं असेल तर बीपी धोकादायक खाली जातो.

बेलापूर

‘साइड इफेक्ट’ आता मराठीच आहे. ‘आनुषंगिक परिणाम’ गाडीत कोण म्हणणार?

माजिवडा, ठाणे

खरंय, तोच ठेवते. घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलो की औषधाचे परिणाम गाडीतच सुरू होतात, म्हणून मी आधीच सांगून ठेवते. दम्याची वाफ देताना : “थोडा वेळ हात थरथरतील, धडधडेल, ते औषधामुळेच.” वेगाने पळणारं हृदय ताळ्यावर आणायला डॉक्टर अ‍ॅडेनोसिन देतात, तेव्हा : “काही सेकंद छाती आवळल्यासारखी होईल, जीव घाबराघुबरा होईल, आणि जाईल.” ते औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, पण आधी न सांगितलेल्या माणसाला ते सेकंद मरणाचे वाटतात.

एक शब्द मात्र मला खटकतो : ‘झोप’. आकडी थांबवायला मिडॅझोलॅम दिल्यावर आई म्हणते, “बाळ शांत झोपलं.” ती झोप नसते, गुंगी असते, आणि तिच्यात श्वास मंदावू शकतो. आपण तिथे ‘गुंगी’च म्हणावं आणि आईलाही तेच सांगावं, म्हणजे तिचीही नजर बाळाच्या छातीवर राहते.

ऐरोलीकर, वावड्याची तुमची लक्षणं मी उद्यापासून ‘अ‍ॅलर्जी आहे का’च्या जोडीला विचारणार : पित्त उठलं होतं का, ओठ सुजले होते का, श्वास कोंडला होता का? केसपेपरवरही तेच लिहीन : ‘अ‍ॅड्रेनलिननंतर धडधड, थरथर. पित्त नाही, सूज नाही.’